विश्लेषण : निर्वासितांसाठी काम करायचे, तर नुसती कळकळ पुरते का?

परदेशातून जीव वाचवून आलेले कुटुंब समोर बसले आहे. कागदपत्रे अपुरी, भाषा अनोळखी. मदतीला आलेला कार्यकर्ता विचारतो, ‘तुमच्या दूतावासाला फोन लावू का?’ हेतू चांगला आहे. पण ज्या सरकारच्या भीतीने हे कुटुंब पळाले, त्यालाच त्याचा ठावठिकाणा कळू शकतो आणि मागे राहिलेले नातेवाईक संकटात सापडू शकतात. अशा चुका टाळण्यासाठीच शिक्षक, परिचारिका, वकील आणि कार्यकर्त्यांकरिता अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालतात.

निर्वासित नेमके कोणाला म्हणायचे?

बीडहून सोलापूरच्या साखर कारखान्यांकडे येणारा ऊसतोड कामगार स्थलांतरित आहे. उजनी धरणात ज्यांची गावे गेली, ते विस्थापित. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांमुळे छळ होईल या रास्त भीतीने देशाची सीमा ओलांडणारा तो निर्वासित, असे १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. शब्द बदलला की हक्क बदलतात आणि दाद कोठे मागायची तेही बदलते. त्यामुळे अभ्यासाची सुरुवात याच फरकापासून होते.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि तिथेच पुढे उल्हासनगर उभे राहिले. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे पथक फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामाला गेले होते. याच संस्थेचे तुळजापूर संकुल सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे.

भारतात कायदा काय सांगतो?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. परदेशी नागरिकांविषयीच्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ‘निर्वासित’ अशी वेगळी व्याख्या नाही. मात्र जगण्याचा हक्क देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २१ केवळ नागरिकांपुरता नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच स्पष्ट केले. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार थेट पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार आदी देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय करते. कोणाला कोठे पाठवायचे हे ठाऊक नसेल, तर समोरच्याचे महिने वाया जातात.

अभ्यासक्रमात काय शिकवतात?

कायद्याबरोबरच रोजच्या कामाच्या गोष्टी. मुलाखत घेताना एकच दुःखद हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. घरातल्या लहान मुलाला दुभाषा करू नये. कारण आई काही गोष्टी त्याच्यासमोर बोलणार नाही आणि बोललीच, तर त्या त्याने ऐकायला नकोत. नाव आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. आपल्याला देता येणार नाही असे आश्वासन देऊ नये.

असे शिक्षण कोठे मिळते?

ऑक्सफर्डमध्ये १९८२ पासून निर्वासित अभ्यास केंद्र आहे. तेथील उन्हाळी वर्ग जगभरातील कार्यकर्त्यांना माहीत आहे. भारतात ‘महानिर्बाण कलकत्ता रिसर्च ग्रुप’ने २००३ मध्ये सक्तीच्या स्थलांतरावर हिवाळी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात आधी घरबसल्या अभ्यास आणि नंतर कोलकात्यात प्रत्यक्ष कार्यशाळा, अशी रचना ठेवण्यात आली.

प्रमाणपत्र मिळाले की झाले?

नाही. कोण निर्वासित आहे हे ठरवण्याचा अधिकार या प्रमाणपत्राने मिळत नाही. काही आठवड्यांत कोणी वकील वा मानसोपचारतज्ज्ञही होत नाही. आपले काम कोठे थांबते आणि तज्ज्ञाचे कोठे सुरू होते, हे मात्र कळते. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : भारतीय कायदा शिकवतात का, मुलाखतीचा प्रत्यक्ष सराव देतात का आणि शिकवणाऱ्यांत स्वतः निर्वासित म्हणून जगलेले कोणी आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर वेळ आणि पैसा सार्थकी लागण्याची शक्यता अधिक.