सिकलसेल : बालरोगतज्ज्ञांनी दाखवलेली वाट

■ अमेरिका : डॉ. मॅरिलिन गॅस्टन यांच्या १९८६च्या अभ्यासाने सिद्ध केले, की रोज पेनिसिलिन दिल्यास सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त बालकांचा जीवघेण्या जंतुसंसर्गापासून बचाव होतो. त्यानंतर तिथे नवजात बाळांच्या सिकलसेल तपासणीला वेग आला.

■ नागपूर : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाच्या कमी मात्रेचा अभ्यास केला (२०१२). मुलांच्या वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज, दोन्ही घटले.

■ देश : राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३पासून; उद्दिष्ट २०४७पर्यंत निर्मूलन.

■ नाशिककरांसाठी : आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. पेठ, सुरगाणा, कळवणसारख्या आदिवासी तालुक्यांतील तरुण-तरुणींनी लग्नाआधी रक्ततपासणी जरूर करून घ्यावी.