एलईडी बल्बची हमी आणि दुकानदाराची पत

जळगावचा सराफ बाजार असो वा धुळ्याचा आग्रा रोड, एलईडी बल्बविषयी एकच तक्रार वारंवार ऐकू येते. खोक्यावर २५,००० तासांचे आयुष्य छापलेले असते आणि बल्ब वर्षाच्या आत बंद पडतो. रोज पाच तासांचा वापर धरला, तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांहून अधिक काळ! ग्राहकाचा रोष मात्र उत्पादकापर्यंत पोहोचत नाही; तो गल्ल्यावरील व्यापाऱ्यालाच सोसावा लागतो.

युरोपीय संघाने २००९ पासून पिवळे बल्ब कायद्याने टप्प्याटप्प्याने हद्दपार केले. भारताने निराळा मार्ग पत्करला. ५ जानेवारी २०१५ रोजी आरंभलेल्या ‘उजाला’ योजनेत एलईडी बल्बची घाऊक खरेदी करून ते वीजग्राहकांना स्वस्तात देण्यात आले. सक्ती झाली ती दर्जाची. विक्रीस येणाऱ्या एलईडी बल्बला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी अनिवार्य ठरली.

बचत खरी आहे. ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावल्यास महिन्याला सुमारे साडेसात युनिट वीज वाचते. बल्बची किंमत काही महिन्यांत वसूल होते. तथापि, बिलातील बचतीने हमीचा शब्द फिटत नाही.

बल्ब जातो तेव्हा त्यातील डायोड बहुधा शाबूत असतो. निकामी होते ते त्याला वीज पुरवणारे ड्रायव्हर सर्किट. उष्णता आणि विजेच्या दाबातील चढउतार हे त्याचे शत्रू. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. अशा वेळी काचेच्या बंद हंडीत बल्ब लावणे म्हणजे त्याचे आयुष्य घटवणेच होय.

उपाय व्यापाऱ्याच्या परिचयाचाच आहे : पक्के बिल. त्यावर तारीख, कंपनी आणि हमीचा कालावधी नमूद असावा. बदली देण्यास टाळाटाळ करणाऱ्या कंपनीचा माल ठेवूच नये. ग्राहकानेही बिल जपावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.

बिनबिलाचा बल्ब चार रुपयांनी स्वस्त पडतो. परंतु तो बंद पडला की ग्राहकाचा हक्क आणि दुकानाची पत, दोन्ही निराधार होतात.