फळी सरळ का होत नाही?

सागाची फळी रंधायंत्रातून काढून आणली म्हणजे ती सरळ झालीच, असा आपणांपैकी पुष्कळांचा समज असतो. फळी हाताला गुळगुळीत लागते आणि कोठेही मोजली तरी जाडी सारखीच भरते. पुढे तिचे दार जोडावे, तर त्याचा एक कोपरा चौकटीबाहेर राहतो. मग दोष कधी सुताराला लागतो, कधी लाकडाला. वास्तविक जे काम त्या यंत्राचे नव्हतेच, ते त्याने केले असे आपण गृहीत धरलेले असते. सागाचे मोल पाहता हा गैरसमज महागात पडतो. म्हणून त्याचा थोडा खुलासा करण्याचे आम्ही येथे योजले आहे.

प्रथम फळी वाकडी का होते ते पाहू. लाकूड वाळताना आकसते, पण सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. खोडातील वलयांच्या अंगाने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे गाभ्याकडून सालीकडे आकसते; लांबीत तर जवळजवळ नाहीच. या विषमतेमुळे, आणि रेषा तिरप्या असल्या तर त्यामुळेही, फळी कधी लांबीत धनुष्यासारखी वाकते, कधी रुंदीत पन्हळीसारखी खोलगट होते, तर कधी तिला पीळ पडून चारही कोपरे एका पातळीत राहत नाहीत.

आता यंत्राकडे वळू. कारखान्यात ज्याला थिकनेस प्लेनर म्हणतात, त्यात खाली सपाट टेबल असते, वर पाती बसवलेला दंडगोल फिरत असतो आणि त्याच्या मागेपुढे फळी दाबून ओढणारे रूळ असतात. पाते व टेबल यांतील अंतर ठरलेले असते. तेवढीच फळीची जाडी राहते. पण पातळ फळी रुळांच्या दाबाखाली क्षणभर सरळ होते, तशीच रंधली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा मूळच्या बाकावर जाते. जाड फळी दबली नाही, तरी तिची वरची बाजू खालच्या वाकड्या बाजूच्या मागोमागच कापली जाते. तात्पर्य, हे यंत्र जाडी सारखी करते. सरळपणा त्याच्याजवळ मागू नये.

हा भेद फार जुना आहे. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली रंधायंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या धर्तीच्या यंत्रांत फळी रुळांनी ओढली जाई व काम झपाट्याने होई. टॉमस डॅनिएल्स याच्या १८३४ च्या यंत्रात मात्र फळी सरकत्या टेबलावर जखडून पात्याखाली नेत. काम संथ होई, पण फळी दाबली जात नसल्याने खरी सपाटी मिळे.

आज ही पहिली सपाटी सरफेस प्लेनरवर करतात. त्यात पात्याच्या दोन्ही अंगांना टेबले असतात. फळी जिकडून आत जाते ते टेबल किंचित खाली, आणि पलीकडचे पात्याच्या माथ्याच्या पातळीत असते. फळीची खोलगट बाजू खाली ठेवावी, म्हणजे ती दोन्ही टोकांवर स्थिर बसते. मध्ये जोराने दाबू नये. दाबल्यास रुळांचीच चूक आपल्या हातून घडते. हात पात्यावर नेऊ नये, ठोकळ्याने ढकलावे. एक बाजू सपाट झाली की तिच्या आधाराने एक कड गुण्यात आणावी. त्यानंतरच सपाट बाजू खाली ठेवून फळी थिकनेस प्लेनरमधून काढावी, आणि शेवटी दुसरी कड करवतीने कापावी.

सरफेस प्लेनर जवळ नसेल, तर जाड, सपाट प्लायवूडवर फळी ठेवावी. जेथे ती अधांतरी राहील तेथे पाचरी घालून चिकटवाव्यात, फळी घसरू नये म्हणून टोकाला अडणी लावावी आणि दोन्ही मिळून थिकनेस प्लेनरमधून न्यावे. ही डॅनिएल्सचीच युक्ती होय.

लाकूड वाचवायचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २४० सेंटिमीटर लांबीच्या फळीला मध्यावर १२ मिलिमीटर बाक असेल, तर तो काढण्यात निदान तेवढे लाकूड जाते. तीच फळी आधी मधोमध कापली, तर प्रत्येक तुकड्यात बाक अवघा ३ मिलिमीटर उरतो. म्हणून कामापुरत्या लांबीचे तुकडे आधी करावेत. मात्र टोकांना पाते थोडे खोल लागते, म्हणून दोन्हीकडे काही सेंटिमीटर जास्त ठेवावेत.

एवढे करूनही घाई केली तर श्रम फुकट जातात. फळीचा बाहेरचा थर गेला की आतील ताण मोकळे होतात व ती पुन्हा हलते. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखे लाकूड काढावे, दोन-तीन मिलिमीटर जाडी राखून फळ्या मध्ये पट्ट्या घालून काही दिवस वाऱ्याला ठेवाव्यात, आणि मग अखेरचा हात फिरवावा. पावसाळ्यात फुगणारी दारे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको.

जुना सुतार फळी हाती येताच एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतो, ती याचसाठी. फळ्या रंधून घेताना आपणही जाडी किती एवढेच न विचारता, आधी कोणती बाजू सपाट केली आणि कशावर केली, हे अवश्य विचारावे.