शहापूरकर पोहणाऱ्यांनो, एकदा खाऱ्या पाण्यात!

विहिरीत, भातसा-काळूच्या डोहात पोहायला शिकलेल्या शहापूर-मुरबाडकरांनी दिवाळीनंतर मालवण गाठावंच. आसनगावहून लोकलने ठाणे, रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, पुढे एसटी. जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. चहूकडे खारं पाणी, तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी! तटाबाहेर चिमुकली पुळण आहे, ‘राणीची वेळा’. ताराराणी तिथे समुद्रस्नान करत, अशी आख्यायिका. (जागा बघितली की पटतंच.) स्नॉर्कलिंगच्या होड्या किल्ल्याजवळ थांबतात, प्रवाळ, रंगीत मासे दिसतात. मिठामुळे अंग सहज तरंगतं. पण ओहोटीची ओढ डोहात नसते, तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट काढू नये. पावसाळ्यात होड्या बंद.