अरवलीतील सायकलफेरी : चढ लहान, कसोटी मोठी

सपाट भासणाऱ्या राजधानी दिल्लीच्या दक्षिण सीमेवर जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक असलेली अरवली पसरली आहे. तुघलकाबाद, सूरजकुंड, फरिदाबाद, बंधवाडी आणि ग्वाल पहाडी असा प्रवास करून महरौलीमार्गे परतणारी फेरी सायकलपटूंचा कस पाहते.

सह्याद्रीतील घाटांप्रमाणे येथे सलग चढ नाही. लहान चढ-उतार एकामागोमाग येत असल्याने श्वासाची आणि पायांची लय वारंवार मोडते. त्यामुळे चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घेणे हितावह ठरते. ऐन चढावर जोर देऊन गिअर बदलल्यास साखळीवर ताण येतो. उतारावर वळणाआधीच दोन्ही ब्रेक वापरून वेग कमी करावा लागतो.

खरा धोका मात्र भरधाव वाहनांचा आहे. गुरुग्राम-फरिदाबाद मार्ग असोला भाटी अभयारण्य आणि मांगर बनी ही देवराई यांच्या परिसरातील वन्यप्राण्यांच्या वाटा छेदतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात येथील अरवलीतील खाणकाम स्थगित केले. परंतु वाहतुकीचे संकट कायम असून, या मार्गावर वाहनांच्या धडकेत बिबटेही मृत्युमुखी पडले आहेत.

नोव्हेंबरमध्ये प्रदूषण, तर डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते. त्या तुलनेत फेब्रुवारी आणि मार्चमधील सकाळ अधिक अनुकूल असते. पहाटेचा काळोख ही बिबट्यांच्या संचाराची वेळ असल्याने उजाडल्यानंतर, शिरस्त्राण आणि मागील लाल दिव्यासह, समूहाने निघणे श्रेयस्कर होय.