शिक्षेविरुद्ध अपील (भारत)

शिक्षेविरुद्ध अपील म्हणजे फौजदारी खटल्यात झालेल्या शिक्षेच्या स्वरूपाबाबत किंवा प्रमाणाबाबत वरिष्ठ न्यायालयाकडे मागितलेली दाद होय. आरोपी दोषी आहे का आणि दोषी असल्यास त्याला दिलेली शिक्षा योग्य आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यामुळे दोषसिद्धी कायम राहूनही शिक्षा बदलू शकते.

कायदेशीर तरतुदी

१ जुलै २०२४ पासून अपिलाची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. मीरा-भाईंदर शहर ठाणे जिल्ह्यात येते. तेथील प्रकरणात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध ठाणे सत्र न्यायालयात, तर सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी मुदत अनुक्रमे ३० व ६० दिवसांची असते. मात्र फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील ३० दिवसांतच करावे लागते. शिवाय अपील झाले नाही तरी ही शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. ती अपुरी वाटल्यास शासनाला कलम ४१८ नुसार स्वतंत्र अपील करावे लागते.

शिक्षेचे निकष

भारतात शिक्षेचे प्रमाण ठरवणारी वैधानिक मार्गदर्शक तत्त्वे नाहीत. न्यायमूर्ती मळिमठ समितीने २००३ मध्ये त्यांची शिफारस केली होती. प्रत्यक्षात हे काम पूर्वनिर्णय करतात. बच्चनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने फाशी केवळ ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी, तसेच गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, असे सांगितले.

बरियार खटला

हे निकष चुकीचे लावले गेल्यास काय होते, याचे महत्त्वाचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. खंडणीसाठी अपहरण व खून केल्याच्या या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फाशी कायम केली होती. १३ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून फाशीऐवजी जन्मठेप दिली. गुन्हेगार सुधारण्यास अपात्र का आहे, हे स्पष्ट पुराव्याने दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. केवळ गुन्ह्याच्या स्वरूपावर भर देणारा रावजी खटल्यातील आपलाच आधीचा निर्णय बच्चनसिंग निकालाशी विसंगत असल्याचेही न्यायालयाने नोंदवले. तोवर काही खटल्यांत फाशी देताना त्याच निर्णयाचा आधार घेतला गेला होता.