सही कोणाची? जुनी अमेरिकन पत्रं वाचताना विचारायचे काही प्रश्न



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात : "मूळ कागद हाती लागला, त्यावर सहीसुद्धा आहे, मग आणखी काय तपासायचं?" मलाही पहिल्या वर्षी असंच वाटायचं. त्या समजुतीपायी मी एक चूक केली. आधी ती सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

माझा विषय आहे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतलं सरकारी जमीनवाटप. तिथं सरकारी जमीन विकत घेणाऱ्याला राष्ट्राध्यक्षांच्या नावानं एक सनद मिळायची. अशा लाखो सनदांचे स्कॅन अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मला १८३५ सालची एक सनद सापडली. खाली ठसठशीत नाव : अँड्र्यू जॅक्सन. मी आनंदानं प्रकरणात लिहून टाकलं, "या सनदेवर राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी स्वतः सही केली आहे." गाइड मॅडमनी 'स्वतः' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि समासात लिहिलं, "कशावरून?"

शोधायला बसले, तेव्हा कळलं की एका वाक्यात माझ्या दोन चुका होत्या.

पहिली चूक : २ मार्च १८३३ च्या कायद्यानं राष्ट्राध्यक्षांच्या वतीनं जमिनीच्या सनदांवर सही करायला एक सचिव नेमायची परवानगी मिळाली होती. सनदांचा ढीग एवढा साचला होता की एका माणसाला सह्या करणं शक्यच नव्हतं. त्यानंतर जॅक्सन यांचं नाव दुसरंच कोणीतरी लिहायचं आणि खाली "यांच्या वतीनं" असं म्हणून आपलं नाव घालायचं. माझ्या स्कॅनमध्येही ती बारीक ओळ होती. मी ती वाचलीच नव्हती.

दुसरी चूक त्याहून मोठी. मूळ सनद जमीन घेणाऱ्याला दिली जायची. सरकारी वहीत राहायची ती नक्कल. म्हणजे मी जे पाहत होते ते सगळं, नावासकट, एका कारकुनाच्या हातचं होतं!

सहीचे कागद सगळे सारखे नसतात

अमेरिकेत जुन्या थोर माणसांची पत्रं आणि सह्या जमवण्याचा छंद दोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याचा बाजारही मोठा आहे. संशोधकाला हा बाजार माहीत असावा लागतो, कारण आज ग्रंथालयांत असलेले कितीतरी कागद संग्राहकांच्या कपाटांतून आलेले आहेत. या लोकांनी कागदांची जी वर्गवारी केली, ती आपल्यालाही उपयोगी पडते.

पहिला प्रकार : पत्राचा मजकूरही त्याच माणसाच्या हातचा आणि सहीही त्याचीच. लिलावाच्या यादीत यासाठी 'एएलएस' लिहितात. दुसरा प्रकार : मजकूर चिटणिसाच्या हातचा, सही फक्त त्या माणसाची. याला नुसतं 'एलएस'. मजकूर टाइप केलेला असेल तर 'टीएलएस'. सही केलेला सरकारी किंवा कायदेशीर कागद म्हणजे 'डीएस'. आणि शेवटचा प्रकार म्हणजे पत्रातून कापून काढलेली नुसती सही.

संग्राहक यावरून किंमत ठरवतो. आपण यावरून ठरवायचं की या कागदाला कोणता प्रश्न विचारता येईल. उदाहरणार्थ, स्वातंत्र्ययुद्धातली जॉर्ज वॉशिंग्टन यांची बरीच पत्रं अलेक्झांडर हॅमिल्टन, टेंच टिल्घमन अशा त्यांच्या मदतनिसांच्या हातची आहेत. सही वॉशिंग्टनची, आदेशही त्यांचा. पण एखाद्या शब्दावरून "यातून वॉशिंग्टनचा स्वभाव दिसतो" असा निष्कर्ष काढायचा असेल, तर आधी मसुदा कोणी केला हे बघायला हवं. तो शब्द हॅमिल्टनचा असू शकतो.

हात एक, लेखण्या दोन

कधी कधी यंत्रामुळेही गोंधळ होतो. थॉमस जेफरसन यांनी १८०४ पासून 'पॉलिग्राफ' नावाचं उपकरण वापरलं. त्यात दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या असायच्या. एकीनं लिहिलं की शेजारच्या कागदावर दुसरी तेच उमटवायची. एक प्रत पाठवायची, दुसरी स्वतःच्या दफ्तरात ठेवायची. आता यातली अस्सल कोणती? दोन्हींमागे हात जेफरसन यांचाच. पण ज्याला पत्र पाठवलं त्याच्या हातात एकच पडली. "हे पत्र मिळाल्यावर समोरच्यानं काय केलं?" असा तुमचा प्रश्न असेल, तर दफ्तरातली प्रत पुरेशी नाही. पत्र खरंच पोचलं का, तेही पाहावं लागेल.

विसाव्या शतकात 'ऑटोपेन' आलं. हे यंत्र साच्यावरून सही करतं. जॉन केनेडी यांच्या कार्यालयातून अशा यंत्राच्या सह्या असलेले कागद भरपूर बाहेर गेले, शिवाय त्यांच्या सचिवही त्यांची सही करायच्या. हस्तलिखितांचे व्यापारी चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६५ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ओळखायची खूण सोपी आहे. माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करू शकत नाही. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेघ न् रेघ जुळली, तर त्या यंत्राच्या किंवा छापील समजाव्यात.

छंदानं वाचवलं आणि छंदानंच विस्कटलं

विल्यम स्प्रेग हे १८१५-१६ च्या सुमारास व्हर्जिनियात वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी शिक्षक होते. वॉशिंग्टन यांचे कागद त्यांचे पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन यांच्या ताब्यात होते. स्प्रेग यांनी त्यातली पत्रं मागितली. परवानगी मिळाली, अट एकच : जे न्याल त्याची नक्कल करून ठेवा. त्यांनी सुमारे दीड हजार पत्रं नेली! पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांच्या हस्ताक्षरांचा पूर्ण संच जमवणारे ते पहिले संग्राहक ठरले.

या ५६ जणांच्या संचापायी बटन ग्विनेट या माणसाचं नाव आज घेतलं जातं. जॉर्जियाचे हे प्रतिनिधी १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धातल्या जखमेनं वारले. मागे कागद फार थोडे राहिले. त्यांच्या माहीत असलेल्या सह्या पन्नासच्या आसपास आहेत. संच पुरा करायचा तर त्यातली एक हवीच, म्हणून किंमत प्रचंड. इतिहासातलं महत्त्व आणि बाजारातली किंमत यांचा संबंध किती कमी असतो ते यावरून कळतं.

स्प्रेगनंतर जॅरेड स्पार्क्स आले. वॉशिंग्टन यांचं लेखन बारा खंडांत संपादित करणारा हा मोठा अभ्यासक. वॉशिंग्टन यांच्या पहिल्या शपथविधीसाठी तयार झालेलं, पण कधीच न केलेलं एक लांबलचक भाषण त्यांच्या हाती आलं. अक्षर वॉशिंग्टन यांचं, पण मजकूर मूळचा दुसऱ्याचा, म्हणून ते छापण्याजोगं नाही असं स्पार्क्सनी ठरवलं. आणि मग त्याची पानं, काही पानांचे तर कापून केलेले तुकडे, वॉशिंग्टनच्या अक्षराचा नमुना म्हणून लोकांना वाटले. पुढच्या संपादकांना ते तुकडे गोळा करून भाषण जुळवावं लागलं. ते अजूनही पुरं झालेलं नाही.

हे वाचून मला संग्राहकांचा राग आला होता. पण मॅडम म्हणाल्या, "अगं, वाटणारा संग्राहक नव्हता, संपादक होता. आपल्यातलाच." खरंच आहे. आपल्या प्रश्नापुरता कागदाचा एक तुकडा उचलायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे आपणही करतो. फक्त कात्री वापरत नाही.

बनावट कागद कुठे शिरतो

जिथे मागणी असते, तिथे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग वॉशिंग्टन यांच्या सहीचे चेक आणि परवाने बनवायचा. १९३० च्या दशकात जोसेफ कोझी लिंकन, फ्रँकलिन, पो यांची अक्षरं काढायचा. मार्क हॉफमननं तर जुनी शाई, जुना कागद सगळं जमवून तज्ज्ञांना फसवलं. भांडं फुटायची वेळ आली, तेव्हा १९८५ मध्ये यूटा राज्यात त्यानं ठेवलेल्या बॉम्बनी दोन माणसं मेली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शाईला विचित्र तडे गेलेले दिसले. तो जन्मठेपेवर गेल्यानंतरही, १९९७ मध्ये, एमिली डिकिन्सन यांची अप्रकाशित कविता म्हणून त्याचाच एक कागद लिलावात २१,००० डॉलरला विकला गेला. तिच्याच गावच्या, ॲमहर्स्टच्या ग्रंथालयानं तो घेतला होता. नंतर खरं काय ते कळलं आणि कागद परत करावा लागला.

यातून आपण काय घ्यायचं? अक्षर आणि शाई तपासणं हे तज्ज्ञांचं काम. आपलं काम हे विचारण्याचं : हा कागद याआधी कोणाकडे होता? त्याच्याआधी कोणाकडे? मालकीची ही साखळी मध्येच तुटत असेल आणि कागद मात्र सगळ्यांना हवं तेच नेमकं सांगत असेल, तर सावध व्हा.

सही नसलेली प्रत

आता उलट बाजू बघू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४६ च्या सुमारास दादरच्या राजगृहातून अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. भारतातले अस्पृश्यही तसा विचार करत असल्यानं त्यांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. ३१ जुलै १९४६ ला डू बॉइस यांनी उत्तर दिलं.

आंबेडकरांचं पत्र आणि त्या उत्तराची ठेवलेली प्रत, दोन्ही आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात डू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहेत. घरबसल्या वाचता येतात. पाठवलेल्या पत्रांच्या अशा ठेवलेल्या प्रतींवर बहुतेकदा सहीच नसते. लिलावात अशा प्रतीला कोणी फारसं विचारणार नाही. पण प्रश्न आणि उत्तर एकाच दफ्तरात असल्यामुळे दोन चळवळींमधला संवाद आपल्यापर्यंत पोचला. कोणीतरी हे पत्र 'आंबेडकरांची सही' म्हणून वेगळं काढून विकलं असतं तर? सही राहिली असती, संवाद गेला असता.

तर मग करायचं काय?

जुन्या पत्राचा कागद किंवा स्कॅन समोर आला की मी आता वहीत पाच गोष्टी लिहिते :

१. ही मूळ प्रत आहे, मसुदा आहे, की नक्कल?
२. मजकूर कोणाच्या हातचा? सही कोणाच्या हातची?
३. शब्द कोणाचे? (हा प्रश्न वरच्यापेक्षा वेगळा आहे.)
४. कागद इथपर्यंत कोणाकोणाच्या हातून आला?
५. याच्या मागचं-पुढचं पत्र कुठे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं एक उदाहरण. १८६४ मध्ये लिंकन यांच्या नावानं लिडिया बिक्स्बी या आईला गेलेलं सांत्वनपत्र जगभर गाजलं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात ते तेव्हाच छापून आलं. मूळ पत्र मात्र आज कुठेच नाही, बाजारात फिरतात त्या छापील प्रतिकृती. मजकूर लिंकनचा की त्यांचे सचिव जॉन हे यांचा, हा वाद शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. २०१७ मध्ये भाषाशास्त्रज्ञांनी संगणकाच्या मदतीनं शब्दरचना तपासली आणि कौल हे यांच्या बाजूनं दिला. म्हणजे सही तर सोडाच, कागदसुद्धा नसताना तिसरा प्रश्न विचारता येतो.

सुरुवात म्हणून एक छोटा अभ्यास करा. वरची आंबेडकर-डू बॉइस पत्रं शोधा, पाचही प्रश्नांची उत्तरं लिहा, आणि ज्याचं उत्तर सापडत नाही तिथे "माहीत नाही" असं स्पष्ट लिहा. ती जागा रिकामी सोडू नका.

आणि हो, माझं ते वाक्य. आता ते असं आहे : "सनदेच्या सरकारी वहीतल्या नकलेत राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांचं नाव त्यांच्या सचिवामार्फत घातलेलं दिसतं." आधीच्यापेक्षा जरा रुक्षच आहे. मॅडमनी त्यावर काहीच लिहिलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ 'पुढे चला' असा होतो.